चाळिशीनंतर पुन्हा चित्रकला : पोर्टफोलिओत नेमकं काय ठेवावं?

निळीशाई

नमस्कार मंडळी,

मी सांगली जिल्ह्यातली, वय ४६. एका सहकारी दूध संघात हिशेब विभागात नोकरी करते. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत ए ग्रेड होती. बारावीनंतर ए.टी.डी.ला, म्हणजे कलाशिक्षक पदविकेला, प्रवेशही घेतला होता. पहिल्या वर्षानंतर घरची परिस्थिती बदलली, कॉलेज सुटलं, बाहेरून बी.कॉम. करून नोकरीला लागले. त्यानंतर चित्रकला उरली ती दारातली रांगोळी, मुलीचे शाळेचे प्रोजेक्ट आणि ऑफिसच्या गणपतीची आरास एवढ्यापुरती.

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि माझ्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या. पुन्हा कागद हातात घेतला. सुरुवातीला मनगट आखडलेलं असायचं, आता रेघ सुटी व्हायला लागली आहे. रोज काही ना काही काढतेच.

आता मुद्द्याचं. आमच्या भागातून निघणाऱ्या एका छोट्या दिवाळी अंकाच्या संपादकांशी ओळख झाली. माझी एक-दोन चित्रं बघून ते म्हणाले, "पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक चित्रांची फाईल, पाठवा, कथांच्या चित्रांसाठी विचार करू." घरी येऊन सगळं काम पलंगावर मांडलं. मंडला (वर्तुळातली नक्षी) आहेत, व्हिडिओ बघून केलेली जलरंगातली निसर्गचित्रं आहेत, फोटोवरून काढलेली व्यक्तिचित्रं, मडक्यांवरची वारली, मागणीवरून काढलेला विठ्ठल. एकेक चित्र बरं आहे, पण सगळी एकत्र बघितली की ती वेगवेगळ्या माणसांनी काढल्यासारखी दिसतात.

यातलं काय ठेवायचं? किती चित्रं लागतात? पदविका नाही हे लिहावं लागतं का? आणि एक सांगते. "वेळ छान जात असेल ना" असं कुणी म्हटलं की आतून तुटतं. मला वेळ घालवायचा नाहीये. मला हे काम म्हणून करायचं आहे.

— — —

रेघोटी

निळीशाई, शेवटची दोन वाक्यं वाचून लगेच लिहायला बसले. मी पुण्यात मुलांच्या पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रं काढते, घर त्यावरच चालतं. त्यामुळे जरा सविस्तर.

संपादक तुमची फाईल उघडतो तेव्हा त्याला एवढंच बघायचं असतं, की माझ्या अंकातली कथा दिली तर या बाईंना ती पेलेल का. म्हणून आधी बघणारा ठरवा, चित्रं मग. कथाचित्रं देणारा संपादक, दालनाची निवड समिती आणि दिवाणखान्यात लावायला चित्र घेणारं गिऱ्हाईक, या तिघांच्या फायली वेगळ्या असतात. तुमच्या समोर आत्ता संपादक आहे. त्यामुळे मंडला आणि मडकी बाजूला. ती वाईट आहेत म्हणून नव्हे. कथेतली आजी तुम्हाला कशी दिसते, ती चिडली की तिचे खांदे कसे होतात, हे मंडलावरून कळत नाही म्हणून.

मी स्वतः कुणाची फाईल बघते तेव्हा काय शोधते ते सांगते. एकच पात्र चार-पाच वेगवेगळ्या स्थितींत: बसलेलं, धावणारं, पाठमोरं, रडवेलं. प्रत्येक वेळी ते तेच माणूस वाटायला हवं. इथे भले भले अडकतात. मग एकाच प्रसंगाची सलग दोन-तीन चित्रं. मग गर्दीचं एखादं, म्हणजे माणसांची एकमेकांशी मापं जुळतात का ते दिसतं. निदान तीन चित्रं काळ्या-पांढऱ्यात हवीतच, कारण दिवाळी अंकांची आतली पानं बहुतेक एकरंगी छापतात, आणि रंगावर तोललेलं चित्र तिथे गाळात जातं. एखादं उभं, मुखपृष्ठाच्या मापाचं, वर अंकाच्या नावासाठी जागा सोडलेलं.

एकूण बारा ते पंधरा पुरेत. कमी चालतील. पंधराव्या चित्रासाठी ओढून-ताणून काहीतरी घातलंत तर संपादकाला तेच लक्षात राहतं. पहिलं आणि शेवटचं सगळ्यात भक्कम ठेवा.

पदविकेचं कुणीही विचारत नाही. ओळखीत तीन-चार ओळी लिहा: कुठे राहता, काय काढता, कोणत्या माध्यमात. "लहानपणापासून चित्रकलेची आवड" हे वाक्य तेवढं टाळा, ते प्रत्येक अर्जात असतं.

हाताशी कथा नसेल तर लोककथा घ्या, चिमणी-कावळ्याची घेतली तरी चालेल. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुक्त परवान्याच्या (कुणालाही वापरता येणाऱ्या) मराठी गोष्टी आहेत, त्यातली एखादी घेऊन आपली चित्रं काढता येतात, फक्त मूळ लेखकाचा उल्लेख करायचा. तिथे आपली चित्रं चढवताना मात्र विचार करा. मुक्त परवान्याखाली एकदा दिलेलं चित्र मागे घेता येत नाही.

— — —

कृष्णाकाठ

ताई, नमस्कार. मी कलाशिक्षक म्हणून निवृत्त झालो, तुमच्याच भागातला आहे. रेघोटीताईंनी व्यवसायाच्या अंगाने बरोबर लिहिलं आहे, पण माझं मत थोडं वेगळं. एवढ्यात पोर्टफोलिओच्या मागे लागू नका. हात इतकी वर्षं थांबला होता, त्याला आधी चालू द्या. एक पावसाळा, एक हिवाळा नुसती रेखाटनं करा, प्रत्यक्ष बघून. फोटो नको, मोबाईल नको.

तुम्ही एलिमेंटरी दिली आहे. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती-अक्षरलेखन असे विषय असायचे. कथाचित्राचा पाया यातल्या स्मरणचित्रात आहे. बाजार, बसस्थानक, पाणवठा असे विषय परीक्षेत यायचे आणि मुलं पाठ केलेली झाडं, पाठ केलेली माणसं काढून मोकळी व्हायची. मी वर्गात एक करून घ्यायचो, तेच तुम्हाला सांगतो. एखाद्या जागी जाऊन पंधरा मिनिटं नुसतं बघायचं, वही पिशवीतच ठेवायची. घरी येऊन आठवेल ते काढायचं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्याच जागी जायचं आणि काय सुटलं ते बघायचं. दुकानाचं शटर कुठवर उघडं होतं, बाईने पिशवी कोणत्या हातात धरली होती. जे सुटलं ते तिथेच, त्याच पानावर, वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने घालायचं. महिनाभरात नजर बदलते, हे मी माझ्या मुलांमध्ये पाहिलं आहे.

आणि सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन या. तुम्हाला एका दिवसात होण्यासारखं आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं श्री भवानी संग्रहालय आहे तिथे. रविवर्मा, धुरंधर या चित्रकारांचं मूळ काम डोळ्यांसमोर असतं. धुरंधरांच्या चित्रांत मागच्या रांगेतल्या माणसांकडे बघा. पुढच्या पात्राइतकंच मागच्या माणसाचं उभं राहणं त्यांनी पाहिलेलं असतं. छापील चित्रात किंवा पडद्यावर हे कळत नाही.

— — —

रेघोटी

>> एवढ्यात पोर्टफोलिओच्या मागे लागू नका

सर, रेखाटनांबद्दल शंभर टक्के सहमत, पण इथे जरा भांडते. विशीतल्या मुलाला "आधी दोन वर्षं हात बसू दे" म्हणणं ठीक. चाळिशीनंतर परत आलेल्या बायकांना मी बघते, त्या वाटच बघत राहतात. आधी क्लास, मग चांगले रंग, मग अजून एक क्लास. समोर संपादक उभा आहे, त्याने मागितलं आहे. पंधरा चित्रं निवडायला बसलं की आपल्याला काय येत नाही ते लख्ख दिसतं, आणि मग रेखाटनाला दिशा मिळते.

निळीशाई, तुम्ही दूध संघात आहात. तुमच्या ढिगात दुधाचं एकही चित्र कसं नाही?

— — —

निळीशाई

रेघोटी, या प्रश्नावर बराच वेळ थांबले. तिथे चित्र काढण्यासारखं काय आहे असंच वाटत आलंय. मी वरच्या मजल्यावर संगणकावर बसते. पण गावातलं संकलन केंद्र घरापासून चालत अंतरावर आहे, सकाळी तिथे गर्दी असते.

सर, औंधला दिवाळीच्या सुट्टीत मुलीला घेऊन जाते.

— — —

अल्बनीकर

अनुमोदन रेघोटींना. इथून एक उदाहरण. मी न्यूयॉर्क राज्यात राहते, आमच्याकडून तासाभरावर व्हर्मांटमध्ये बेनिंग्टनचं संग्रहालय आहे. तिथे ग्रँडमा मोझेस यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. जन्म १८६०, आयुष्य शेतीत गेलं. म्हातारपणी संधिवाताने भरतकाम जमेना म्हणून सत्तरीत त्या रंगांकडे वळल्या. १९३८ मध्ये गावातल्या औषधांच्या दुकानाच्या काचेत त्यांची चित्रं एका संग्राहकाला दिसली आणि १९४० मध्ये न्यूयॉर्क शहरात पहिलं एकल प्रदर्शन झालं, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. १०१ वर्षं जगल्या.

त्यांच्या वयाचं कौतुक सगळे करतात. चित्रांसमोर उभं राहिल्यावर मला वेगळंच जाणवलं. मेपलच्या झाडांचा रस गोळा करणं, तो उकळणं, बर्फातल्या घसरगाड्या, साबण करणं. जे हातांनी केलं तेच काढलं. शरीररचना शास्त्रशुद्ध नाही, पण कोण काय काम करतंय याबद्दल तसूभर शंका येत नाही.

— — —

गिरगावकर

रवींद्रनाथ टागोरही साठी उलटल्यावर चित्रांकडे वळले, १९३० साली पॅरिसमध्ये पहिलं प्रदर्शन. अशी उदाहरणं ऐकून हुरूप येतो, पण टागोरांना आधीच जग ओळखत होतं. आपल्यासारख्यांना दार ठोठवायला फाईल लागते.

प्रदर्शनाचा विषय निघालाय म्हणून लिहितो. जहांगीर कलादालन १९५२ पासून सगळ्यांचं स्वप्न आहे, पण तिथे अर्ज, निवड आणि मग वर्षानुवर्षांची रांग. त्यासाठी थांबून राहू नये. कोल्हापूरला शाहू स्मारक भवन, पुण्यात बालगंधर्व किंवा घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन, अशी दालनं आवाक्यातली आहेत. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची, त्यांच्या वार्षिक प्रदर्शनासाठी प्रवेशिका मागवतात. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनात व्यावसायिक कलाकारांचा विभाग वेगळा असतो. तिथे परीक्षक बघतात, नापसंत झालं तरी काही शिकतो.

सावध राहा ते "तुमची निवड झाली आहे, अमुक रक्कम भरा" म्हणणाऱ्या समूह प्रदर्शनांपासून. माझ्या बहिणीचे पैसे असेच गेले. चित्र एका कोपऱ्यात, दिव्याविना, आणि उद्घाटनानंतर सगळा हॉल रिकामा. पैसे भरण्याआधी विचारा: निवड कोणी केली, भिंतीवर किती फूट जागा, विक्रीवर किती टक्के, चित्राची ने-आण कुणाकडे.

— — —

जलरंगी

संगणक क्षेत्रात आहे, पंचेचाळिशीत जलरंगाकडे परतलो. सामानाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

पैसे घालायचे तर कागदात घाला. जलरंग मनासारखे बसत नसतील तर नव्वद टक्के वेळा दोष हाताचा नसतो, कागदाचा असतो. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत पोताचा. महाग आहे, म्हणून बावीस बाय तीस इंचांचा पूर्ण ताव घेऊन घरीच चार तुकडे करतो, अकरा बाय पंधराचे. रोजच्या सरावाला साधा कागद चालतो. ओल्यात ओलं काम, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडणं, मात्र त्यावर शिकता येत नाही, पाणी धरतच नाही.

रंग घेताना नळीवरचा रंगद्रव्याचा क्रमांक बघा. ॲलिझरिन क्रिमसन हा सगळ्यांच्या आवडीचा लाल, त्याचं मूळ द्रव्य पीआर ८३ उन्हात उडतं. त्याऐवजी पीव्ही १९ घ्या. खात्री करायची तर कागदाच्या पट्टीवर सगळ्या रंगांचे पट्टे ओढून अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाका आणि काही महिने उन्हाच्या खिडकीत ठेवा. साधी जेल पेनंही उडतात. कथाचित्रांना पिगमेंट शाईची पेनं घ्या, वरून पाण्याचा हात फिरवला तरी पसरत नाहीत.

ब्रश सिंथेटिक चांगले मिळतात आता. मुंगसाच्या केसांचे कुणी दाखवले तर घेऊ नका. मुंगूस वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, ते ब्रश विकणं हाच गुन्हा आहे.

आणि डोळे! चाळिशीचा चष्मा वाचनाच्या अंतरासाठी असतो, फळ्यावर लावलेला कागद त्याहून लांब असतो. मला प्रोग्रेसिव्ह (जवळचं-लांबचं एकाच काचेत असलेल्या) काचेतून कागदाच्या कडा वाकड्या दिसायच्या, मान दुखायची ती वेगळीच. डॉक्टरांना हातभर अंतर मोजून सांगितलं आणि फक्त चित्रासाठी वेगळा साधा चष्मा करून घेतला. चित्रकलेत मी केलेला सगळ्यात उपयोगी खर्च तोच.

— — —

काळाकोट

वाचनखूण साठवली. कायद्याचं थोडक्यात, कारण इथे लोक फसतात.

एक. इंटरनेटवरचा दुसऱ्याचा फोटो बघून काढलेलं चित्र सरावाला ठीक, पण पोर्टफोलिओत "माझं काम" म्हणून घालू नये. फोटोवर छायाचित्रकाराचा हक्क असतो.

दोन. चित्र विकलं म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असं होत नाही. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून दिवाळी अंकाला देताना ईमेलवर साधं वाक्य लिहून त्यांची संमती घ्या: "ही चित्रं या वर्षीच्या अंकात एकदा छापण्यासाठी देत आहे, बाकी हक्क माझ्याकडे."

तीन, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. कुणी पैसे देऊन स्वतःचं व्यक्तिचित्र किंवा एखादं पेंटिंग तुमच्याकडून काढून घेतलं, आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार त्याचा पहिला मालक काम सांगणारा असतो. निळीशाई, तो मागणीवरून काढलेला विठ्ठल कॅलेंडरवर छापायचा म्हटलात तर हा प्रश्न येईल. पुढच्या मागणीच्या वेळी आधीच ठरवून लिहून घ्या.

— — —

मोगरा७७

खूप छान धागा. मीही पन्नाशीत ब्रश हातात घेतलाय. चित्रांचे फोटो नीट येत नाहीत, पिवळे आणि तिरके येतात. स्कॅनर नाही. काय करावं?

— — —

जलरंगी

मोगरा, दिवे बंद, फ्लॅश बंद. ढगाळ दिवस उत्तम, नाहीतर ऊन थेट न येणाऱ्या खिडकीजवळ. चित्र भिंतीला उभं लावा, फोन त्याच्या मध्याच्या उंचीवर, अगदी समांतर. जवळ जाऊ नका, दोन पावलं मागे येऊन दुप्पट झूमने काढा, म्हणजे कडा फुगत नाहीत. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा आणि नंतर तो पांढरा दिसेपर्यंत रंग जुळवा. रेषांची चित्रं मात्र झेरॉक्सवाल्याकडे स्कॅन करून घ्या, छपाईसाठी ६०० डीपीआयला (एका इंचात किती ठिपके, ते माप). त्यांना डीपीआय सांगावा लागतो, नाहीतर ते कागदपत्रांसारखं कमी दर्जाचं करून देतात.

— — —

निळीशाई

धागा वर काढतेय. मधले काही महिने लिहिलं नाही, कारण काढत होते.

रेघोटींचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. ऑफिसच्या आधी सकाळी संकलन केंद्रावर जायला लागले. सरांनी सांगितल्याप्रमाणे आधी नुसतं बघायला. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं मी संघाकडून तपासणीला आले आहे, सचिव उठून उभेच राहिले. चित्र काढायला आलेय म्हटल्यावर एका आजींनी विचारलं, "आमचं कशाला? फुलाबिलाचं काढ की." आता त्याच आजी मला बघून पदर सारखा करतात आणि हलत नाहीत, हीच अडचण झाली आहे.

तिथलं एक सांगते. दूध घालायला आलेली बाई किटली काट्यावरच्या भांड्यात ओतते आणि शेवटचा थेंब पडावा म्हणून ती उपडी धरून तळावर दोनदा थापटते. प्रत्येक बाई थापटते. मग सचिव नमुना घेऊन मशीनला लावतो, आणि आकडा येईपर्यंतचा जो क्षण असतो त्यात सगळ्यांची नजर त्या छोट्या लाल आकड्यांवर असते. फॅट लागली की नाही त्यावर दर, दरावर दहा दिवसांचं बिल. आकडा मनासारखा आला तर काही बोलत नाहीत, पावती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवतात. कमी आला की किटलीचं झाकण जरा जोरात बसतं.

इतकी वर्षं हेच फॅटचे आकडे वरच्या मजल्यावर माझ्या पडद्यावर येत होते. त्या आकड्यांकडे बघणारे चेहरे मी पाहिले नव्हते. हे लिहितानाही गळा दाटतोय.

आता फाईलमध्ये चौदा चित्रं आहेत. सगळी संकलन केंद्राची किंवा तिथे येणाऱ्या माणसांची. त्या आजींची पाच आहेत, वेगवेगळ्या सकाळची. किटली थापटण्याची सलग तीन, काळ्या शाईत. एक गर्दीचं, पावसातलं, पोत्याची खोळ घेतलेल्या माणसांचं. उभ्या मापात एक: मोटरसायकलला दोन्ही बाजूंना कॅन लावून निघालेला मुलगा, वर मोकळं आभाळ. जुन्या ढिगातलं एकही चित्र घेतलं नाही.

शीर्षक, माध्यम, माप, वर्ष खाली लिहिलं आहे. पीडीएफ केली, ती खाली जोडते. संपादकांना पाठवण्याआधी तुमच्या नजरेखालून जावी. निर्दयपणे सांगा.

— — —

अल्बनीकर

तीन नंबरचं, नुसत्या हातांचं, मी मोठं करून बघत बसले. मला आमच्या गावाकडची किटली आठवली. पाठवा!

— — —

रेघोटी

निळीशाई, मन लावून बघितली. आजी पाचही चित्रांत त्याच आजी आहेत. हे जमलंय म्हणजे कथाचित्राचं मोठं काम झालं.

निर्दयपणे म्हणालात म्हणून: सहा आणि नऊ जवळजवळ सारखी आहेत, सहा काढा. अकरामध्ये सचिवांचा चेहरा फोटोवरून घेतल्यासारखा गुळगुळीत झालाय, बाकीच्यांच्या रेघेशी जुळत नाही, तेही काढा. बारा राहतात, भरपूर आहेत. मोटरसायकलवाला मुलगा पहिल्या पानावर आणा, थापटण्याची तीन शेवटी. आत्ता ती मध्ये दबून गेली आहेत.

फाईल दहा एमबीच्या आत बसवा आणि तिला तुमचं नाव द्या, "फायनल नवीन २" असलं नको. पावसाळ्यात अंकांची चित्रं वाटायला सुरुवात होते, त्यामुळे जूनआधी त्यांच्या हातात पडू दे. फक्त त्या एका संपादकांना पाठवून थांबू नका. बालभारतीचं किशोर हे मुलांचं मासिक आहे, १९७१ पासून चालू आहे, गावाकडची माणसं अशी ओळखीने काढणारे हात त्यांना हवेच असतील. मुलांसाठी म्हणून एखादं लहान मूल असलेलं चित्र तेवढं वाढवा, केंद्रावर पोरं येतच असतील.

मानधनाचं आधी विचारा. विचारण्यात काही गैर नाही. छोटे अंक थोडं देतात, काही फक्त अंकाच्या प्रती देतात. प्रतींवर काम करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी म्हणेन पहिल्या कामालाही थोडे का होईना, पैसे घ्या. तुम्ही काम म्हणूनच आला आहात ना.

— — —

कृष्णाकाठ

ताई, फाईल दोनदा पाहिली. रेघोटीताईंशी मी मागे वाद घातला होता, पण तुम्ही रेखाटनंही केलीत आणि फाईलही, उत्तमच झालं. पावसातल्या गर्दीच्या चित्रात मागच्या रांगेतला तो खोळ सावरणारा माणूस पाहून औंधची सहल कारणी लागली हे समजलं.

आता एक वस्तुचित्राचं. पाचव्या चित्रात ओळीने ठेवलेले कॅन आहेत. त्यांची तोंडं आणि तळ यांचे लंबगोल तुम्ही सारखेच काढलेत, त्यामुळे कॅन जमिनीवर टेकत नाहीत, तरंगतात. तुम्ही उभ्याने काढलंय, म्हणजे नजरेची पातळी कॅनच्या बरीच वर आहे. तोंड नजरेच्या जवळ, तो लंबगोल चपटा. तळ नजरेपासून लांब, तो जास्त गोल आणि फुगीर. शिवाय लंबगोलाच्या टोकांना तुमच्याकडे कोपरे झालेत, तिथे वळण हवं. उद्या सकाळी एकच रिकामा कॅन समोर घ्या. आधी उभं राहून काढा, मग स्टुलावर बसून, मग जमिनीवर बसून, तिन्ही एकाच पानावर. फरक लगेच हातात येईल. मग पाचवं पुन्हा काढा, रंग लावण्याआधी फक्त रेघेचं इथे टाका. मी पाहतो, आणि मग पाठवा.

— — —

निळीशाई

सर, पाचवं उघडून बघितलं. खरंच तरंगतायत. उद्या रविवार आहे पण दूध रोजच येतं, सकाळी जाते आणि दुपारपर्यंत रेघेचं टाकते.

रेघोटी, सहा आणि अकरा काढली. लहान मूल आहे, आजींची नात, ती रिकाम्या कॅनच्या झाकणावर खडूने काढत बसते. तिचं करते. मानधनाचं संपादकांना आजच ईमेलमध्ये विचारते, काळाकोट यांनी दिलेलं वाक्य त्यातच घालते.